झाडं अजून कच्ची आहेत

माझ्या बायकोच्या मामांइतका घाईचा वैरी अख्ख्या हैदराबादेत शोधून सापडायचा नाही. ज्या शहरात लाल दिव्याला थांबणं हा ऑटोवाल्याला स्वतःचा अपमान वाटतो, तिथं हा माणूस नवी चप्पल आठवडाभर घरातल्या घरात घालून फिरायचा आणि मगच तिला रस्ता दाखवायचा. कुठलीही गोष्ट सावलीतून एकदम उन्हात न्यायची नाही, हा त्यांचा जगण्याचा एकमेव नियम. लग्नानंतर मी पुण्याहून इथं नोकरीला आलो, तेव्हा त्यांनी तो माझ्यावरही चालवला. पहिल्या जेवणाला आवकाय या जहाल आंध्र लोणच्याचा नुसता तेलाचा थेंब, पुढच्या खेपेला थोडा खार, आणि अख्खी फोड पानात पडली ती थेट दिवाळीला. "पुण्याचं रोप आहे," ते मामींना म्हणाले, "एकदम उन्हात ठेवलं तं करपंल." मामी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मामांची पाठ वळताच त्यांनी मला हळूच दुसरी फोड वाढली. मी रात्रभर पाणी पीत बसलो. मामांचं म्हणणं खरं होतं.

सुलतान बाजारात एका कापडदुकानाच्या वर त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. सूर्य काय तो कॅलेंडरवरच्या देवाच्या मागे दिसायचा. त्या अंधारात मामींनी तेलाच्या डब्यात रबराचं झाड वाढवलं होतं आणि रोज ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसून ती लखलखीत ठेवली होती. मामांचं खातं रोपांचं. कागदी पेल्यांतून मिरची, टोमॅटो, वांगी ट्यूबलाइटखाली उगवायची आणि बोटभर झाली की त्यांचं शिक्षण सुरू व्हायचं. घरातला एकुलता टेबलफॅन रोपांकडे तोंड करून फिरायचा आणि पाहुणे घामाघूम व्हायचे. "वाऱ्यानं हललं तं दांडा जाड होतो जी," असं म्हणत मामा पाहुण्याच्या हातात वारा घ्यायला वर्तमानपत्र द्यायचे. मग पेले ताटात मांडून गच्चीवर. आधी पाण्याच्या टाकीची सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, रोज थोडं जास्त. पाणी कमी, खत बंद. दुपार व्हायच्या आत वरात परत खाली. एकदा खालच्या दुकानदारानं जिन्यात विचारलं, "चचा, पौदों को घुमाने लेजारे क्या?" मामा गंभीरपणे म्हणाले, "हौ मियाँ, धूप की आदत डालरौं." तयार झालेली रोपं ते शेजारच्या कोठी भागापर्यंतच्या ओळखीच्या घरांतून वाटायचे आणि नंतर न सांगता जाऊन त्यांना नीट वागवतात का ते पाहून यायचे.

मग मामी गेल्या. त्याच खोलीत, दुपारच्या झोपेत, कुणालाही सवय व्हायला वेळ न देता. मामा रडले नाहीत. टेबलफॅन मात्र त्यांनी बंद केला. पेले रिकामे राहिले आणि घरात फक्त मामींचं रबराचं झाड आणि त्यांच्याच चार-पाच कुंड्या उरल्या. त्यातच मालकानं इमारत विकली आणि नव्या मालकानं खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मामांची मुलगी वैदेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला राहते, आयटीत आहे. ती धावत आली. "बाबा, माझ्याकडे चला. बाल्कनी मोठी आहे, फुल सनलाइट!" मामा लगेच हो म्हणाले. अट एकच घातली. "झाडं जन्मभर अंधारात वाढलेली. थोडं ऊन सोसू दे त्यांना, मग येतो."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण महिने उलटले, मालकाचे निरोप कडक व्हायला लागले, आणि मामांचं उत्तर एकच: "अजून कच्ची आहेत." शेवटी बायकोनं मला पाठवलं. मी सकाळी थेट गच्चीवर गेलो. टाकीजवळ एकही कुंडी नव्हती. खाली आलो, तर सगळी झाडं आतल्या खोलीत, पलंगामागच्या मिट्ट काळोखात, भरपूर पाणी आणि खत घालून ठेवलेली. जे करू नका म्हणून मामांनी अर्ध्या शहराला बजावलं होतं, नेमकं तेच. ते रोज झाडांना पुन्हा कच्चं करत होते.

"बघितलंत जावईबापू?" ते दारातून म्हणाले. मग पलंगावर बसले. "ही इथं गेली. या भिंतींना तिचा आवाज माहीत आहे. तिकडं कोण ओळखतंय तिला? मी काय्को जाऊ?" मला त्यांची फार कीव आली, आणि त्याहून जास्त धास्ती, कारण बायको आधी गेली तर उद्या आपलीही हीच गत होणार हे मला लख्ख दिसलं. घरी येऊन मी सांगितलं, झाडं अजून कच्ची आहेत.

त्यानं फार तर आठवडाभर निभावलं. मालकानं पाणी तोडलं आणि वैदेही टेम्पो घेऊन आली. मामा ड्रायव्हरशेजारी, मांडीवर रबराच्या झाडाचा डबा. कोंडापूरला पोचल्यावर ते दमून झोपले, आणि त्या बिचारीनं बाबांना बरं वाटावं म्हणून सगळी झाडं बाल्कनीत उन्हात मांडली. संध्याकाळी मी पोचलो, तोवर रबराची पानं पांढरी पडून कडेनं करपली होती. वैदेही हमसून रडली. "माझ्यामुळे जळलं आईचं झाड." मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यामुळं नाही गं. मीच कच्चं आणलं."

परवा गेलो होतो. बाल्कनीच्या दाराआत, ऊन जिथं संपतं तिथं मामांची खुर्ची असते. ती अजून पुढे सरकलेली नाही. झाडाला मात्र शेंड्याला नवी पानं फुटली आहेत, जाड, हिरवीगार, ऊन सहज झेलणारी. खाली ती भाजलेली पानं तशीच लटकत होती. वैदेही कात्री घेऊन आली. "बाबा, ही आता काही सुधारत नाहीत. काढून टाकू?"

"नक्को," मामा म्हणाले. "ती तिकडची आहेत. तुझ्या आईनं पुसलेली."

मग त्यांनी खुर्चीतून उठून ओलं फडकं घेतलं, आणि नव्या पानांना हात न लावता आधी तीच पुसली.