पानठेल्यावरची पेटी

चूक माझीच होती, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. हृदय बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका देणारी पेटी आमच्या उपकेंद्रात आली, त्या दिवशी मी तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला, ती लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं काढलेली कोणतीही नर्स हेच करील. चांगली वस्तू आली की ती कपाटात जाते.

ही पेटी मिळवायला मला तीन वर्षं लागली होती. आमचं गाव सिंदेवाहीपासून बरंच आत, जंगलाला लागून, खोलगटात आहे. धान निघालं की आमच्याकडे शंकरपट भरतो. बैलजोड्यांची शर्यत असते, घरोघरी पाहुणे येतात. तीन वर्षांपूर्वीच्या पटात जोडी हाकणारा एक माणूस दाणीच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, टोकाला कोसळला. मी त्याची छाती दाबत राहिले. रुग्णवाहिका येईपर्यंत माझे हात लाकडासारखे झाले होते आणि तो गेला होता. रडत बसण्यात अर्थ नव्हता. पुढच्या आठवड्यात मी पहिला अर्ज लिहिला. अर्जांवर अर्ज गेले, शेवटी नागपूरच्या एका संस्थेनं पेटी दिली. पट महिना-दीड महिन्यावर आला होता.

बाराव्या दिवशी संस्थेतून एका मुलीचा फोन आला. तो वाजून तुटला; बोलायला मला बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर जावं लागलं, कारण उपकेंद्रात रेंज टिकत नाही. मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची पेटी बोलत नाहीये."

मी म्हटलं, उघडल्याशिवाय ती बोलत नसतेच. तेव्हा तिनं शांतपणे समजावलं. पेटीच्या आत एक सिमकार्ड आहे. पेटी रोज स्वतःची तपासणी करते, बॅटरी ठीक आहे का, छातीला चिकटवायचे पॅड ठीक आहेत का, आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून नागपूरला निरोप पाठवते. आमच्या पेटीकडून बारा दिवसांत एकही निरोप नव्हता. तीस दिवस पेटी गप्प राहिली तर संस्था ती परत नेते आणि यादीतल्या पुढच्या गावाला देते. मग तिनं विचारलं, पेटी ठेवली कुठे आहे?

"कपाटात."

"लाकडी का?"

"लोखंडी."

मुलगी म्हणाली की लोखंडी कपाटातून निरोप बाहेर पडत नाही. ती हसली नाही. तिच्या जागी मी असते तर हसले असते.

दुसऱ्या दिवशी पेटी खांद्याला अडकवून मी गावभर फिरले, एका हातात मोबाइल. शाळेच्या व्हरांड्यात एक दांडी आली आणि गेली. विहाराच्या ओट्यावर तीच गत. पाण्याच्या टाकीखाली काहीच नाही. बायका विचारत होत्या, "सिस्टरबाई, रेडिओ घेऊन कुठी चालल्या?" खरं तर रेंज कुठे येते हे सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मला ते मान्य करायचं नव्हतं, एवढंच. रेंज येते ती बोडीच्या पाळीवर, पानठेल्यापाशी. आणि त्या ठेल्याशी माझं सात वर्षांचं वैर होतं.

तिथं खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून देतात. आमच्या भागात माणसं चहावाचून राहतील, खर्ऱ्यावाचून नाही. मी ठेल्यासमोर उभी राहून गिऱ्हाइकांची तोंडं बॅटरीनं तपासत असे. ठेलेवाल्याच्या फळीवर सडलेल्या जबड्याचं पोस्टर तीनदा चिकटवलं. तिन्ही वेळा त्यानं त्यावर कॅलेंडर टांगलं. आता त्याच माणसाकडे हृदयाची पेटी टांगायला जागा मागायची होती.

मी सरळ विचारलं. त्याचे हात घोटत राहिले.

"म्हंजे बाई, मी मानसं मारतो अन् तुमची पेटी वाचवते. एकाच ठेल्यावर."

"भाऊ, मला तुमचा ठेला नको, रेंज पाह्यजे. रेंज कुठी दुसरीकडे असती तर आली नसती."

"थे मले माहीत आहे." त्यानं पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली. "जागा देतो. पन ठेल्यापुढं बॅटरी लावनं बंद."

तोंडं तपासणं हे माझं काम आहे, ते बंद होणार नाही, असं मी सांगितलं. पंधरा मिनिटं घासाघीस झाली. अखेर मी ठेल्यापासून वीस पावलं दूर, चिंचेखाली उभी राहायचं ठरलं. पावलं त्यानंच मोजली, लांब लांब टाकून.

वानरांचा प्रश्न उरला. ठेलेवाला पत्र्याचा डबा करतो म्हणाला, मी हात जोडले. लोखंडाचा धडा एकदा पुरे. मग त्यानं बुरुडाकडून बांबूचं खुराडं विणून घेतलं, कोंबड्यांना करतात तसं, दाराला लाकडी खुंटी, कुलूप नाही. बांबूतून वारा जातो तसा निरोपही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला: "आला मॅडम, निरोप आला. सगळं ठीक आहे म्हणतेय पेटी." ठेल्यावर नऊ-दहा जण होते. सगळ्यांना आपलाच पोरगा बारावी पास झाल्यासारखं वाटलं.

आनंद दोन दिवस टिकला. संस्थेनं जागेचा फोटो मागितला. फोटोत पेटी होती, खुराडं होतं आणि मागं तंबाखूच्या पुड्यांची माळही होती. मुलगी अडखळत म्हणाली, वरचे साहेब नाराज आहेत. आरोग्याची वस्तू खर्ऱ्याच्या दुकानात शोभत नाही, तिथं ती नीट वापरली जाईल याची खात्री नाही. पट होईपर्यंत राहू द्या, मग ठरवू.

पेटी राहणार की जाणार, हे आता त्या ठेल्यावर ठरणार होतं. म्हणून मी ठेल्यावरच्या माणसांनाच शिकवायला लागले. रोज चार वाजता, पाळीवर. कोंड्याचं पोतं म्हणजे पेशंट. सदरा कापायचा, छाती कोरडी पुसायची, एक पॅड उजव्या खांद्याखाली, दुसरा डाव्या बरगडीवर, पेटी सांगेल तेव्हा सगळ्यांनी हात वर करून मागं व्हायचं. संस्थेनं सरावाचं यंत्रही दिलं होतं, तेही तसंच बोलायचं. आतला आवाज इतका स्वच्छ मराठी बोलतो की लोकांनी त्याला 'पुण्याची बाई' असं नाव पाडलं. "कृपया रुग्णाला स्पर्श करू नका" असं ती म्हणाली की मागून कोणीतरी म्हणायचं, "हो बाई, नाई करत." ठेलेवाला सगळ्यांत चटकन शिकला. हातांना सवय होती.

पटाच्या दिवशी मी पाळीपासून दूर, दाणीच्या पार दुसऱ्या टोकाला होते. एकाच्या पायावर बैलाचा खूर पडला होता, तो पाय बांधत होते. दुपारचे दोन वाजले असतील. तेवढ्यात भोंग्यावर जोड्यांची नावं थांबली आणि आवाज आला, "सिस्टरबाई जिथं असन तिथून पेटीकडे या. मानूस पडला."

मी धावले. माझ्या वयाला आणि वजनाला शोभणार नाही अशी धावले. तीन वर्षांपूर्वीचं डोक्यात येत होतं, ते बाजूला सारत होते.

पोचले तेव्हा पाळीवर माणसांचं कडं होतं, सगळ्यांचे हात वर. मधे एक लठ्ठ गृहस्थ उताणा, सदरा गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापलेला, छाती पुसलेली, दोन्ही पॅड बरोबर जागी. मी पोत्यावर दाखवलं होतं त्याहून चांगले. ठेलेवाला गुडघ्यावर बसला होता, घामानं निथळत. तो माणूस त्याचा व्याही होता, गोंडपिपरीकडून आलेला. आणि पुण्याची बाई सांगत होती, "झटक्याची गरज नाही."

मी नाडी पाहिली. चांगली चालू होती. श्वास तर इतका की पोट वरखाली होत होतं. ठेलेवाल्याकडच्या कोंबडीच्या रश्श्यासाठी पोटात जागा ठेवायची म्हणून त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि उन्हात उभं राहून जोड्यांना ओरडत होता. चक्कर आली होती, बाकी काही नाही. पेटीनं ते ओळखलं होतं, माणसांनी ओळखलं नव्हतं.

"भाऊ, श्वास पाह्यला होता का?" मी विचारलं.

"नाई पाह्यला. म्हनलं उशीर होईन."

तेवढ्यात व्याह्यानं डोळे उघडले, आधी आकाशाकडे पाहिलं, मग स्वतःकडे. "माहा सदरा कोनं कापला?"

मी पॅड काढायला लागले. ते जबरदस्त चिकटलेले असतात आणि व्याह्याच्या छातीवर केस भरपूर होते. तो ओरडला तेव्हा दाणीवरच्या बैलांनीही माना वळवल्या असतील.

"पोरगी देल्ली तुमच्या घरी, आता केसं बी देऊ का?"

"जीव वाचवून राह्यलो होतो तुमचा, व्याही."

"गेला कुठी होता जीव? भूक लागली होती मले!"

माझा फोन वाजला. नागपूरची मुलगी. पेटीचं झाकण उघडताच तिच्याकडे निरोप गेला होता. आवाज घाबरलेला. "मॅडम, पेशंट कसा आहे?"

"पेशंट भांडतोय," मी म्हटलं. "त्याला गुळाचं पाणी देते, मग बोलते."

संध्याकाळी फोन करून सगळं खरं खरं सांगितलं. श्वास न पाहता पेटी लावली. पॅड एकदाच वापरता येतात, ते वाया गेले. नवे येईपर्यंत पेटी निकामी. चूक शिकवणारीची, म्हणजे माझी. पोतं श्वास घेत नाही, त्यामुळे तो भाग मी नुसता तोंडानं सांगितला होता. फोन ठेवला आणि मनाशी धरून चालले की पेटी गेली. ठेलेवाल्याला तसं सांगितलंही. त्यानं एवढंच म्हटलं, "माह्यामुळं गेली." त्या संध्याकाळी त्यानं ठेला लवकर बंद केला. पटाच्या दिवशी, गिऱ्हाइकी भरात असताना.

दुसऱ्या दिवशी तरी मी चार वाजता पाळीवर गेले. पेटी जावो की राहो, श्वास पाहणं शिकायलाच हवं. पेशंट म्हणून व्याहीच तयार झाला. पाहुण्याला दुसरा उद्योग नव्हता. सगळ्यांनी आळीपाळीनं त्याच्या नाकाशी गाल नेला, छाती हलते का पाहिलं. तो मुद्दाम श्वास रोखून धरी आणि कोणी फसलं की खूश होई.

पाचव्या दिवशी मुलीचा फोन आला. मी पाळीवरच होते. म्हणाली, पेटीनं त्या दिवसाची सगळी नोंद हवेतूनच पाठवली होती. झाकण कधी उघडलं, पॅड कधी लागले, हृदयाचे ठोके कसे होते, सगळं. साहेबांनी ती पाहिली. झाकण उघडल्यापासून दीड मिनिटाच्या आत दोन्ही पॅड बरोबर जागी. बाकीच्या गावांत बहुतेक पेट्या कुलपात आहेत आणि किल्लीवाला माणूस गावात नसतो. "मॅडम, तुमची पेटी राहणार. नवे पॅड पाठवलेत, एक जोडी जास्तीची. फक्त कायमचा पत्ता टाकायचाय नकाशावर. आरोग्य उपकेंद्र लिहू ना? बरं दिसेल."

ठेलेवाला घोटता घोटता माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं.

"उपकेंद्र लिहिलंत तर माणूस माझ्या दाराशी येऊन कुलूप पाहील," मी म्हटलं. "पानठेला लिहा. बोडीची पाळ, पानठेला."

त्याचे हात थांबले. सात वर्षांत पहिल्यांदा मी ते थांबलेले पाहिले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ते म्हणालं, "भाऊ, घोटा ना." त्यानं ऐकलं नाही. बाजूच्या बाकड्यावर व्याही पेंगत बसला होता, त्याला हलवून उठवलं आणि म्हणाला, "ऐकलं का, राह्यली पेटी. तुमचे केस कामी आले."