सुंदराबाईचं ताट

“वाजतंय ते हाय. आता दिसलं पण पायजे,” असं म्हणत ताई बेस गिटारवर तोंडाची वाफ सोडायच्या आणि ओढणीच्या टोकाने ती पुसायच्या. बिरवाडीच्या कारखान्यातली पाळी संपवून त्या आमच्या गायन पार्टीच्या तालमीला येत. आधी पुसणं, मग वाजवणं.

ही चार जाड तारांची गिटार त्यांनी मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतली होती. त्या गृहस्थाने तिच्यात बऱ्याच सुधारणा केल्या होत्या. म्हणजे लाकूड कोरून जादा बटणं बसवली आणि विकताना काढून घेतली. आवाज असा, की तालमीच्या खोलीची खिडकी थरथरायची. रूप बघाल तर पोटाला भोकं आणि कडेचा लाल रंग उडालेला.

पेटी माझी, पार्टी माझी, त्यामुळे अक्कलही माझीच. महाडला जयंतीचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला, तेव्हा मी सांगून टाकलं, “ताई, तुम्ही मागे बसून वाजवा. गिटारीवर शाल टाका.”

“मास्तर, मी पुढं उभी राहणार. गिटारीचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दहा नखांना दहा लाल रंग! बाजारातल्या कटलरीच्या दुकानात बसून त्यांनी नेलपॉलिश गिटारीशी जुळवून पाहिलं होतं. डाव्या करंगळीचं जुळलं. त्याने त्यांनी टवके भरले, बारीक पॉलिश पेपरने घासले. लहान भोकांत लाकडाचा भुसा आणि गोंद गेला. मधलं मोठं खिंडार तेवढं राहिलं.

त्यावर त्यांनी काय बसवावं? आईचं स्टीलचं ताट. त्यांची आई सुंदराबाई पोलादपूरकडची. आंबेनळी घाटात रस्त्याच्या कामावर तिने खडी फोडली, पहिल्या मजुरीतून हे ताट घेतलं आणि दुकानदाराकडून त्यावर ठिपक्याठिपक्यांनी स्वतःचं नाव घालून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. ठिपक्यांवरून बोट फिरवून ती आपलं ताट ओळखायची. ती गेल्यावर ते फळीवर उभं होतं. ताईंनी कारखान्यातल्या फिटरकडून त्याचा नावाचा भाग कापून घेतला.

“आईचं ताट कापलंत?” माझा आवाज चढला.

“फळीवर कोण बघत होतं तिला?”

स्क्रू पिळून झाले आणि माझ्या लक्षात आलं. “ताई, नाव उलटं लागलं हो! लोक हसतील.”

त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला, मान खाली घातली. “मी बघते तिथनं सरळ हाय.”

जयंतीला त्या पुढे उभ्या राहिल्या. दिव्यांचा उजेड त्या पत्र्यावरून पार मागच्या रांगेपर्यंत जात होता. हसलं कोणीच नाही. नाव कोणाचं, हे मात्र चौघांनी विचारलं, आणि ताट माझ्याच घरचं असल्यासारखा मी छाती फुगवून सांगत सुटलो. शाल टाका म्हणालो होतो, हे काही सांगितलं नाही. आज सांगतो.

नऊ वर्षं त्यांनी उभं राहूनच वाजवलं. मग खांदा गेला, आणि त्या पनवेलला मुलाकडे राहायला गेल्या. जाताना गिटार माझ्या हातात दिली. मी म्हटलं, “घरात आठवण म्हणून ठेवा की.”

“परत फळीवर ठेवू आईला? वाजवा, मास्तर.”

मला बेस येत नाही. या वयात शिकतोय. परवा पहिल्यांदा पट्टा गळ्यात अडकवला, पत्र्यावर वाफ सोडली, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि मान खाली घातली.

सुंदराबाई. अगदी सरळ.