रोकडे सर गप्प बसायला शिकले

मुरबाडच्या शाळेमागच्या मैदानात मुलींच्या कबड्डीचा सराव चालू असला, की एसटी स्टँडवरच्या माणसांनाही तो कळायचा. आवाज मुलींचा नसायचा, सतीश रोकडेचा असायचा. "सरिता, डावीकडे! तानी, खाली वाक! पाय बघ, पाय! धर, धर, धर!" कल्याणच्या जीपची वाट बघणारी मंडळी एकमेकांना म्हणायची, "रोकडे सर आले ड्युटीवर."

खरी ड्युटी त्याने तोवर संपवलेली असायची. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. पहिली पाळी सुटली की घरी दोन घास खाऊन तो मैदानावर हजर. तरुणपणी तो स्वतः उजव्या कोपऱ्यावर खेळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हातात सापडला, तर तो माणूस परत जात नाही, अशी त्याची तालुकाभर ख्याती होती. एका सामन्यात खांदा निखळला आणि खेळ थांबला. मग १९९२ साली त्याने मुलींचा संघ उभा केला. त्यासाठी घरोघरी जाऊन आयांच्या हातचा चहा प्यायला आणि बापांच्या शंका ऐकून घेतल्या. "पोरींना चड्डीवर खेळवणार काय, सर?" या प्रश्नाला तो शांतपणे उत्तर द्यायचा, "ट्रॅक पँट घेऊ." त्याच्या शांतपणाचा साठा बहुधा या घरांतच संपत असावा.

मैदानात मात्र त्याला राहवत नसे. मुली खेळायच्या, पण डोकं सतीशचं चालायचं. गावोगावच्या स्पर्धांत हे खपून जाई. तिथे सगळेच ओरडतात. पंचाचा मामासुद्धा ओरडतो.

१९९८ साली शहापूरला जिल्हा निवडीचे सामने होते. तिथला पंच कडक निघाला. प्रशिक्षकाने बाकावर बसायचं आणि खेळ चालू असताना सूचना द्यायच्या नाहीत, असा नियम त्याने सतीशला दोनदा समजावला. तिसऱ्यांदा समजावलं नाही, सरळ मैदानाबाहेरचा रस्ता दाखवला. सतीश मांडवाच्या कापडाआडून बघत राहिला. तेवढ्यात समोरची मुलगी चढाईला आली. आता काय करायचं हे विचारायला त्याच्या सातही मुलींनी माना वळवून रिकाम्या बाकाकडे पाहिलं. त्या एका क्षणात चढाईवाली तिघींना शिवून परत गेली. उरलेला सामनाही असाच हातचा गेला.

परतल्यावर, संघ ज्याच्या नावावर खेळायचा त्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष कोंडूदादा यांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांचा मांडव-खुर्च्यांचा धंदा होता आणि बोलणं रोखठोक.

"सतीश, तुझ्या पोरी चांगल्या आहेत रे. पण रिमोटवर चालतात. रिमोट हरवला की बंद."

"दादा, पंच जरा..."

"पंचाचं सोड. कल्याणला एक शिकलेला कोच आहे, यायला तयार आहे. पोरींचं नुकसान नको व्हायला."

सतीशला वाटलं, संघ आपला, मुली आपण घराघरांतून आणलेल्या, आणि आता दुसरा कुणी येणार? पण तो रिकामा बाक डोळ्यांपुढून जात नव्हता. तो म्हणाला, "एक वर्ष द्या. मीच शिकून येतो. पुढच्या निवडीत पोरी माझ्याशिवाय उभ्या राहिल्या नाहीत, तर मीच त्या कोचला घ्यायला कल्याणला जातो."

त्याने शिल्लक रजा काढली आणि ठाण्याला प्रशिक्षकांच्या शिबिराला जाऊन बसला. बाकीचे विशीतले, हा चाळिशी ओलांडलेला. तिथल्या सरांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "गेल्या सामन्यात तुमच्या खेळाडूंनी स्वतःहून घेतलेला एक निर्णय सांगा." सतीशने पुष्कळ आठवून पाहिलं. त्याला फक्त स्वतःचेच निर्णय आठवले.

शिबिराहून तो भरपूर शिकून आला, पण सरावाला उभा राहिला आणि तोंड आपोआप सुरू झालं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "कळतं गो सगळं. पण शिट्टी झाली की जीभ ऐकत नाय."

रत्नप्रभा अंगणवाडी चालवायची. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माझी पोरं गलका करतात तेव्हा मी त्यांना घोटभर पाणी तोंडात धरायला लावते. गिळायचं नाय, सांडायचं नाय. ज्याच्या तोंडात शेवटपर्यंत पाणी, तो जिंकला."

"मी काय अंगणवाडीतला आहे?"

"तिथली पोरं दोन दिवसांत शिकतात," रत्नप्रभा म्हणाली. "तुमचं काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी सतीश तांब्या घेऊन मैदानावर गेला. गाल फुगवून बाकावर बसला आणि हातानेच 'खेळा' म्हणाला. मुलींना आधी वाटलं सरांची दाढ सुजली. खरं कळल्यावर मात्र त्यांना सरावापेक्षा मोठा खेळ सापडला. सरांना हसवायचं! सरिता ही कर्णधार, अंगाने दांडगी आणि तोंडाने त्याहून. ती मध्यरेषेवर उभी राहून हुबेहूब त्याच्या आवाजात ओरडली, "धर, धर, धर! अरे, मीच धरतो, तुमी घरी जा!" सतीशच्या नाकातोंडातून पाणी उडालं आणि शर्ट भिजला.

"सर हरले!" मुलींनी टाळ्या पिटल्या.

पण पंधरवड्यात त्याचं पाणी टिकायला लागलं, आणि तोंड बंद असताना डोळे उघडतात हे त्याच्या लक्षात आलं. मुली आपापसात बोलायला लागल्या होत्या. तानी डोळखांबकडची, शिकायला मुरबाडला मामाकडे राहणारी. इतकी वर्षं तो तिला मुखदुर्बळ समजत होता. ती तर डाव्या कोपऱ्यावरून हलक्या आवाजात अख्खी फळी हलवत होती. "सरिते, थांब गो. तिला येऊ दे. आता हो मागं." सतीशच्या ओरडण्याखाली हा आवाज दबून गेला होता, एवढंच. सराव संपला की तो आता एकच विचारायचा, "असं का केलंस?" आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबायचा. हे दुसरं काम पाण्याहून अवघड होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा शहापूर, पुन्हा निवड. कोंडूदादा मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन बसले होते. अंतिम सामन्यात मुरबाडच्या मुली दोन गुणांनी पुढे होत्या आणि समोरच्यांची शेवटची चढाई उरली होती. त्यांची सर्वांत तेज मुलगी आली. तानीच्या पुढ्यात येऊन तिने जादा गुणाच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकला. अगदी हाताशी, स्वच्छ, धरण्याजोगा घोटा. सतीशने आयुष्यभर एकच शिकवलं होतं: पाय दिसला की धरायचा. तो बाकावरून अर्धा उठला. मांडव ओरडत होता, "धर! धर!" कोंडूदादाही ओरडत होते. सतीशने दोन्ही हातांनी बाकाची कड पकडली आणि खाली बसला.

तानीने हात मागे घेतला. पाय पुन्हा आला, तिने पुन्हा सोडला. शिट्टी झाली. चढाईवाली रिकाम्या हाताने परत गेली आणि मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

कोंडूदादा घाम पुसत आले. "मी ओरडलो रे."

"ऐकलं, दादा."

"तू कसा नाय ओरडलास?"

सतीशने बाकाची कड अजून सोडली नव्हती, ती आता सोडली. कोंडूदादा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कल्याणवाल्याला कळवतो, जागा भरली म्हणून."

परतीच्या जीपमध्ये सतीशने तानीला विचारलं, "पाय दिसला होता ना? का नाय धरलास?"

"सर, एक गुण घेऊन ती काय करणार होती? तिला बरोबरीलासुद्धा दोन पायजे होते. मी वाकले की ती मला शिवणार होती." तानी जरा थांबली. "आणि बोनस घ्यायचा तर मागचा पाय उचलायला लागतो. ती मागची टाच रोवून उभी होती. पाय नव्हता तो, गळ होता."

सतीश उजव्या कोपऱ्यावर दहा वर्षं खेळला होता. असे किती गळ आपण गिळले, याचा हिशेब त्याने सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला. मग म्हणाला, "उद्या रविवार. सकाळी मला दाखवशील?"

सकाळी सतीश चढाईला, तानी कोपऱ्यावर. सरिता पंच झाली होती. त्याने पाय टाकला, तानी हलली नाही. पुन्हा टाकला, तानी हलली नाही. तिसऱ्यांदा त्याने तसाच पाय पुढे केला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत घोटा तिच्या हातात आणि रोकडे सर मातीत.

"आता का धरलास?" त्याने पडल्यापडल्याच विचारलं.

"आता तुमी खरंच बोनस घ्यायला आलेलात. टाच उचललीत."

"मला तर कळलंच नाय गो."

"सर बाद!" सरिता ओरडली. "बोलू नका, बाहेर बसा!"

सतीशने कपड्यांवरची माती झटकली आणि पुन्हा मध्यरेषेवर जाऊन उभा राहिला. "एकदा आणखी," तो म्हणाला, "पण सावकाश. मला टाचेकडे बघू दे."