हात लावायचा परवाना

कानातला मळ कुणी मुद्दाम साठवत नाही, पण दोन वर्षांनी आत डोकावलं की भलामोठा गोळा सापडतो. आमच्या सेंटरमधल्या किश्शांचं तसंच आहे. लिहून कुणीच ठेवत नाही. पण शुक्रवारी चार मराठी टाळकी जमली की कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो खिशातल्या हातांचा सांग ना!" आणि मग एकातून दुसरा निघत जातो.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. दोहात अल नस्रला, ज्यूसच्या दुकानावर, आमचं श्रवणयंत्रांचं छोटंसं सेंटर आहे. मालक अबू फैसल, कतारी, साठीचे, हिंदी मोडकं पण हुकूम अख्खा. मी ऑडिओलॉजिस्ट, मूळची पुण्याची. आणि बब्रुवान शिंदे, धाराशिव जिल्ह्यातले, वय सेहेचाळीस. सोलापुरात एका दुकानात त्यांनी एकोणीस वर्षं लोकांच्या कानांचे साचे घेतले आणि मशिनं बसवली.

पण इथं मशीन बसवणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. डिप्लोमा तपासतात, अनुभव तपासतात, वर इंग्रजीतून कॉम्प्युटरवर परीक्षा. हे सगळं होईपर्यंत पेशंटच्या कानाला बोटसुद्धा लावायचं नाही. त्यामुळे शिंदे आले ते टेक्निशियन म्हणून, आणि राहिले तिघांबरोबर एका खोलीत. परवाना मिळाला तर हुद्दा बदलणार, हुद्दा बदलला की फॅमिली व्हिसा, आणि मग गावाकडून बायको येणार. अबू फैसलनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तीन चान्स. तीसरा भी फेल, तो खलास, घर."

* * *

परवान्याचं माझं स्वतःचं प्रकरण काही कमी नव्हतं. माझ्या पदवीवर नाव वैशाली मधुकर जोशी. पासपोर्टवर वैशाली समीर देवधर. आणि एका वर्षाच्या मार्कशीटवर, का कोण जाणे, जोशी वैशाली एम.

परवान्याच्या कचेरीत खिडकीमागच्या सुदानी गृहस्थांनी तिन्ही कागद समोर मांडले आणि चष्मा पुसला.

"मधुकर कोण?"

"वडील."

"समीर?"

"नवरा."

"आणि हा एम?"

"तेही वडीलच!"

"मग शिकलं कोण?"

मी त्यांना महाराष्ट्रात मुलीचं नाव कसं असतं आणि लग्नानंतर त्याचं काय होतं, हे दहा मिनिटं समजावलं. त्यांनी अत्यंत आदराने ऐकून घेतलं. मग प्रतिज्ञापत्राचा फॉर्म पुढे सरकवत म्हणाले, "इन्शाल्ला, तिघींचंही काम होईल. पण खुर्ची एकच आहे. कुणीतरी एकीने बसा!"

* * *

आता खिशातल्या हातांचा.

शिंद्यांना पेशंटचा कान दिसला की त्यांचा हात आपोआप उठायचा. एकोणीस वर्षांची सवय, ती काय विमानतळावर काढून ठेवता येते? दोनदा अबू फैसलनी त्यांना ऐन वेळी पकडलं. "शिंदे! लायसन्स नहीं, कान नहीं!" शेवटी शिंद्यांनी स्वतःच उपाय काढला. पेशंट आत आला की दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात.

एक दिवस तपासणीला अधिकारी आले. तरुण, कडक इस्त्रीचे. मी एका आजोबांच्या कानात साच्याचा मसाला भरत होते आणि शिंदे शेजारी खिशात हात घालून उभे. अधिकाऱ्यांनी सगळे कागद पाहिले, मशिनं पाहिली, आणि जाताना त्यांची नजर शिंद्यांवर गेली.

"हा माणूस मघापासून खिशात हात घालून का उभा आहे?"

शिंद्यांनी एका दमात उत्तर दिलं, "सर, हॅन्ड इज नॉट लायसन्स!"

अधिकारी हसू दाबत बाहेर पडले. रिपोर्टमध्ये शेरा होता, 'नियमांचं पालन उत्तम'.

* * *

मेसईदच्या एका कारखान्यात काम करणारा लोणंदचा गोरख नावाचा वेल्डर आमच्याकडे यायचा. ग्राइंडरच्या आवाजाने उजवा कान अधू झालेला. त्याचा साचा घेताना, मसाला पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी आत कापसाचा छोटा बोळा सरकवत होते. कानाचा रस्ता जरा वाकडा होता, आणि बोळा काही बसेना.

तीन फुटांवरून आवाज आला, "म्याडम, कान वर आन् मागं वढा. जरासा. हां. आता तोंड उघडाया सांगा त्यान्ला."

गोरखने तोंड उघडलं, आणि बोळा बरोब्बर बसला!

"आता मसाला सावकाश सोडा. घाई न्हाई करायची. हां, बास."

साचा असा सुरेख निघाला की काय सांगू. गोरखने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शिंद्यांकडे.

"डॉक्टर कोण म्हणायचं?"

"त्या हायत," शिंदे म्हणाले. "म्या नुसता बोलायलोय."

गोरखने समजूतदारपणे मान हलवली. "आमच्या साइटवर बी असंच हाय. येतंय त्यानं उभं ऱ्हायचं आन् कागद हाय त्यानं करायचं!"

मला लागलं ते, खोटं कशाला बोलू? माझ्या दोन पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत आणि त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

* * *

शिंद्यांच्या अर्जाला अनुभवाचं पत्र हवं होतं. सोलापूरच्या दुकानाचे मालक चिंतामणकाका, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी मोठ्या प्रेमाने इंग्रजीत पत्र धाडलं. त्यात पहिलंच वाक्य होतं, 'बब्रुवान माझ्या मुलासारखा नसून माझा मुलगाच आहे.'

पत्र परत आलं. नातेवाइकाने दिलेला दाखला चालत नाही!

मी काकांना फोन लावला आणि झालेला प्रकार सांगितला. काका भडकले. "अहो, एकोणीस वर्षं माझ्या पंक्तीला जेवला तो! त्याच्या लग्नात मी मामा म्हणून उभा होतो!"

"काका, हे तर अजिबात लिहू नका!"

आठ दिवसांनी दुसरं पत्र आलं. 'दाखला देण्यात येतो की, बब्रुवान शिंदे माझा कोणीही लागत नाही. त्याने माझ्याकडे एकोणीस वर्षं काम केलं. कानाला इतका हलका हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.'

हे मात्र मान्य झालं. शिंद्यांनी ते तीनतीनदा वाचलं आणि बॅटऱ्यांचा खोका आवरत बसले. संध्याकाळी काकांचा मला फोन आला. "पोचलं ना पत्र? त्याला सांगा, पहिलं वाक्य खोटं आहे. बाकी सगळं खरं."

* * *

मग परीक्षा. पहिल्या वेळी शिंदे नापास. दुसऱ्या वेळीही नापास, फक्त जरा कमी.

माझा नवरा समीर मेसईदला सेफ्टी इंजिनिअर आहे. दुसरा निकाल ऐकून तो म्हणाला, "त्यांना विषय येतो, परीक्षा येत नाही. शुक्रवारी घरी बोलाव." तेव्हापासून दर शुक्रवारी अबू हमूर भागातल्या आमच्या घरी आधी मिसळ आणि मग अभ्यास.

समीरने प्रश्न वाचला, "सत्तर वर्षांच्या पेशंटला नवीन मशीन बसवलं. तो म्हणतो, आवाज फार मोठा येतो. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?"

"च्या पाजीन," शिंदे म्हणाले.

"शिंदे, पर्याय चार आहेत. त्यात चहा नाही."

"न्हाई कसा? मानूस भ्यालेला असतंय हो! दहा वर्सं शांतता होती, आन् आज भांडी वाजायलीत. च्या पीतंवर कान सवय लावून घेतंय. मशीनला हात बी लावायचा न्हाई तंवर."

मी चपापले. उत्तर बरोबर होतं! आवाज कमी करायच्या आधी पेशंटला धीर द्या, हाच त्यातला दुसरा पर्याय. समीरने मग त्यांना आपलं सेफ्टीवाल्यांचं सूत्र दिलं, "शंका आली की काम थांबवायचं आणि वरच्या डॉक्टरकडे पाठवायचं. परीक्षेत हे कधी चुकत नाही."

शिंद्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग पेन थांबलं. "साहेब, समदेच वर पाठवायले, तर खाली काम कोन करनार?"

समीरने मिसळीची दुसरी वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

* * *

तिसऱ्या परीक्षेला मी त्यांना गाडीतून सोडायला गेले. बाहेर कडक ऊन. वेळ अडीच तासांची होती, म्हणून मी एसी लावून सीट मागे केली आणि जरा डोळे मिटले. चाळीस मिनिटांत काचेवर टकटक!

"शिंदे? काय झालं? बाहेर काढलं की काय?"

"न्हाई. झाला पेपर."

"सगळे प्रश्न सोडवलेत?"

"समदे."

"आणि पुन्हा तपासले नाहीत?" माझा आवाज चढला. "अहो, शेवटचा चान्स होता! पावणेदोन तास हातात होते!"

शिंद्यांनी शांतपणे सीटबेल्ट लावला. "तपासले असते तर बदलले असते, म्याडम. मागल्या दोन टायमाला तेच झालं. बरूबर लिवलेलं खोडून आलो."

मी गाडी सुरू केली. मी तर मनातल्या मनात त्यांचं सामानसुद्धा बांधून ठेवलं होतं.

शिंदे पास झाले.

* * *

परवाना आला तो बुधवारी दुपारी, फोनवर, पीडीएफ. अबू फैसलनी खालून सगळ्यांना ज्यूस मागवला आणि स्वतः प्रिंट काढून आणली. परवान्यावर फोटोही होता. उघडं डोकं, पांढरी पार्श्वभूमी, नियमाप्रमाणे.

"यल्ला शिंदे, घर फोन करो!"

इथं एक सांगायला हवं. शिंदे रोज दुपारी एक वाजता बायकोला, कौसल्याबाईंना, व्हिडिओ कॉल करत. आणि कॉलच्या आधी ड्रॉवरमधून कंपनीची निळी टोपी काढून डोक्याला घालत. कॉल संपला की टोपी परत ड्रॉवरमध्ये. त्यांच्याकडे उघड्या डोक्याने बायकोशी बोलत नसतील, असा काही रिवाज असेल, असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

आणि दुसरी एक गोष्ट आम्हाला त्या दिवशीच कळली. बाई इकडे यायला तयारच नव्हत्या! शिंद्यांनी टोपी घातली, फोन लावला, बातमी सांगितली, आणि पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "चांगलं झालं. पर म्या न्हाई येनार हं. तितं वाळूत काय करू? हितं शेरडं हायत, आत्याबाई हायत. तुमी ऱ्हावा तितं सुकात."

आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागलो. दोन वर्षं आम्ही ज्यासाठी धडपडलो, ते हे! अबू फैसलना मराठी कळत नव्हतं, पण शिंद्यांचा चेहरा कळला. त्यांनी ज्यूसचा ग्लास खाली ठेवला.

"बरं," शिंदे कसेबसे म्हणाले. "लायसन तरी बघ." आणि त्यांनी तो कागद फोनसमोर धरला.

बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "ह्यो फोटू कुनाचा?"

"माझाच की."

"टोपी काढा."

"अगं, समदे हायत हितं. म्याडम हायत, मालक हायत."

"काढा म्हनते ना!"

शिंद्यांनी टोपी काढली. इथं आल्यापासून पुढचं सगळं अंगण मोकळं झालेलं, आणि मागे उरलेले चार केस पांढरेफटक.

पलीकडे एक शेरडू ओरडलं. बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"माझं तिकीट कंदीचं काढायलाव?"