मोठ्याने वाचणारे दादा

आमचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायला भोसरीहून येणारे दादा पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचतात. त्याशिवाय डोक्यात शिरत नाही, म्हणतात.

त्या रविवारी इंटरनेट फारच रेंगाळत होतं. पप्पा चहा घेत समोर बसले होते. पडदा त्यांना दिसत नव्हता, पण आवाज येत होता.

"लय टॅब उघडे ठेवलेत, ताई. हे म्हातारं एवढं वझं कसं वढणार?" म्हणत दादा एकेक टॅब वाचून बंद करू लागले. वीजबिल. बँक. पुढे माझं बंगळुरूच्या नोकरीचं नेमणूकपत्र होतं. मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. पप्पा तर माझ्यासाठी स्थळं बघत होते. मी दादांना डोळ्यांनीच 'नको' म्हटलं.

दादा गप्प झाले. नुसते ओठ हलत होते.

"काय आहे हो?" पप्पांनी विचारलं.

"साड्यांची जाहिरात, काका." त्यांनी टॅब बंद केला.

जिन्यापाशी चपला घालताना ते हळूच म्हणाले, "आज निभावलं, ताई. पण काकांनी डोळ्यांत बघून इचारलं, तर मला न्हाई जमायचं."