समुद्रात जाताना मंगळसूत्र

अंदमानला जायचं ठरलं आणि आमच्या मुलुंडच्या घरात बाबांनी जणू संरक्षण खातं उघडलं. हट्ट आईचा होता. साठी उलटल्यावर का होईना, तिला एकदा समुद्राच्या आत उतरून बघायचं होतं. तिचं लहानपण कोकणात, समुद्राला लागून गेलं. पण मुलींनी घोट्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही, असा घरचा कायदा. भाऊ पोहायचे आणि ही त्यांचे कपडे सांभाळत वाळूत बसायची. मी एकदा तिला मोबाईलवर स्कूबाचा व्हिडिओ दाखवला, तर चहा गाळायचा थांबवून ती म्हणाली, "मला हे करायचंय." तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी लगेच तिकिटं काढून टाकली.

बाबांचा विरोध नव्हता, काळजी होती. त्यापेक्षा विरोध परवडला असता. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले. आधार कार्डाच्या झेरॉक्स प्रत्येक बॅगेत वेगळ्या. आईच्या बीपीच्या गोळ्या अर्ध्या तिच्या पर्समध्ये, अर्ध्या माझ्या. हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, कारण दुसरी किल्ली मॅनेजरकडे असतेच.

"बाबा, आपण फिरायला चाललोय, सीमेवर नाही," मी वैतागून म्हणाले. त्यांनी शांतपणे ओआरएसची आणखी पाकिटं कोंबली. त्यांना स्वतःला पाण्याखाली जाता येणार नव्हतं. मागे हार्ट अटॅक येऊन गेला होता, स्टेंट बसला होता, आणि त्यांच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं होतं.

आईची तपासणी मात्र झकास झाली. घाटकोपरच्या कानाच्या डॉक्टरांनी कानाचे पडदे शाबूत आहेत म्हणून सांगितलं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच जोर लावत कान मोकळे कसे करायचे ते शिकवलं. सर्दी झाली तर उतरायचं नाही, गोळी घेऊन ती लपवायची तर मुळीच नाही, आणि पाण्याखाली जाऊन आल्यावर पुढचा पूर्ण दिवस विमानात बसायचं नाही, असं बजावलं. येताना रिक्षाभर आई नाक धरून बसली होती. रिक्षावाल्याला वाटलं, त्याच्या गाडीत वास येतोय.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग अंधेरीला एका पूलमध्ये सरावाला गेलो. शिकवणारी मुलगी गोड होती, पण बोलली ते थेट. "काकू, गळ्यातलं काढायला लागेल हां. पट्ट्यात अडकतं. आणि समुद्रात तुटलं तर गेलंच समजा."

आईने मंगळसूत्र मुठीत धरलं. "हे नाही निघणार."

"आई, तासाभराचा तर प्रश्न आहे."

"तू गप बस गं."

त्या दिवशी ती नुसता मास्क लावून उथळ पाण्यात उभी राहिली. परतताना तिने कारण सांगितलं. लग्न झाल्यापासून तिने ते एकदाच काढलं होतं, पाठीच्या एमआरआयसाठी. आणि त्याच संध्याकाळी बाबांना अटॅक आला. "तसं काही नसतं, कळतं मला," ती म्हणाली, "पण मी परत नाही काढणार. मी होडीतूनच बघेन." मला राग आला होता, तिचा नाही, त्या एमआरआयच्या दिवसाचा. घरी आल्यावर ती आंघोळीला गेलेली बघून मी सगळं बाबांना सांगून टाकलं. त्यांना हे माहीतच नव्हतं.

अंदमानला आमचा नंबर आला त्या सकाळी माझा रबरी सूट चढवून झाला होता आणि आई पंजाबी ड्रेसमध्ये किनाऱ्यावर उभी होती. समुद्र इतका स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती. ती त्याच्याकडे बघत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी शर्टाची वरची बटणं सोडली.

"दे इकडे."

"अहो, काय चाललंय?"

"गळ्यात असायला पाहिजे ना ते? मग माझ्या गळ्यात घाल. मला काही झालं तर सगळ्यात आधी मलाच कळेल."

"लोक बघतायत."

"बघू देत."

ते मान खाली घालून थांबले. आई काही वेळ त्यांच्या टकलाकडे बघत राहिली. मग तिने मंगळसूत्र काढलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. पांढऱ्या केसांच्या छातीवर काळे मणी. मला हसू आवरेना आणि रडूही.

आईनेही सूट चढवला. पाण्याखाली प्रशिक्षकाने तिचा एक हात धरला होता. तिने नाक धरून कान मोकळे केले, ठीक आहे अशी खूण केली, आणि आम्ही खाली गेलो. एकदाच तिचा मोकळा हात गळ्याशी गेला. तेवढ्यात पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा तिच्यासमोर आला, आणि तो हात त्यांच्याकडे वळला. मासे बोटांमधून गेले. काचेमागे तिचे डोळे मोठे झाले होते. मला त्या क्षणी फार आनंद झाला, एवढंच सांगता येईल.

वर आलो तेव्हा बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते, पँट भिजवून, शर्टावरून छातीवर हात ठेवून.

जेवताना आईचं तोंड थांबत नव्हतं. ते मासे तिला घाबरले नाहीत, उलट तेच तिला बघायला आले होते, असं तिचं म्हणणं. ताटातला भात गार झाला. भाऊ असते तर त्यांना सांगितलं असतं, म्हणाली, की तिथे आत काय काय आहे ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. वेटर पाणी वाढता वाढता सारखा बाबांच्या गळ्याकडे बघत होता. बाबांनी कॉलर नीट केली, पण काळे मणी दिसतच होते. जेवण झालं, हात धुऊन झाले, तरी आईला ते परत मागायचं सुचलं नव्हतं.