दहा कोटी एक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. प्रूफ दाखवा, मगच बोला, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

युद्धाची वर्षं होती. आम्ही भिंगारला, बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि पुण्याच्या कॉलेजात गणितच घेणार म्हणून हटून बसले होते. राहायचं पुण्याच्या काकांकडे, म्हणजे त्यांच्या होकारावाचून सगळं अडलेलं. आणि काका आले ते केडगावचं स्थळ घेऊन!

मी वाद घालायला लागले, तशी भर दुपारी त्यांनी पाटी मागवली आणि लिहिलं — १०,००,००,००१.

"दहा कोटी एक. एक आणि ती स्वतः, याखेरीज हिला कशानेही भाग जात नाही. तू भाग लावून दाखव, उद्याच पुण्याला नेतो. नाहीतर मुकाट्याने बोहल्यावर चढायचं."

मी भागत सुटले. तीन, सात, अकरा, तेरा... दरवेळी बाकी. सतराने भागलं, तरी दोन उरलेच. काका मिशीत हसले. "दादा, शालू बघायला लागा!" त्यांचे दादा, म्हणजे माझे वडील अण्णा, खाली मान घालून बसलेले. मला रडू फुटलं.

आणि माजघरातून आवाज आला — "सतरा त्रिक एक्कावन्न... एक्कावन्न गं, येडे!"

अक्काचा आवाज. माझी थोरली बहीण. हिवतापाने ती केव्हाच गेली होती! मला 'येडे' म्हणणारी जगात ती एकटीच. घरात दुसरं कुणी नव्हतं, आई शेजारी पापड लाटायला गेलेली. अण्णा ताडकन उठले. "आत कोन हाय?" जाऊन बघून आले. कुणी नाही. काकांना मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं.

आता गंमत ऐका. शाळेत पाढे सोळापर्यंतच घोटून घेतले. पुढचे आम्ही दिवेलागणीला घरी, आजोबांच्या मागून म्हणायचो. आजोबांनी कुठून उचललं होतं देव जाणे, पण 'सतरा त्रिक बावन्न' असंच आमचं अख्खं घर ठणकावून म्हणत आलं होतं. काकांसकट! मीही आत्ता तसंच भागलं होतं.

पाटी पुसली. पुन्हा भागत गेले... आणि अगदी शेवटी खाली उतरले एक्कावन्न. सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी शून्य!

"अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न!" मी ओरडलेच. काकांनी बोटांवर सतरा-सतरा-सतरा मिळवून पाहिले, दोनदा. मग पाटी माझ्यासमोर ठेवत म्हणाले, "दादा, पोरीची ट्रंक भरा." अहाहा! तो आनंद पुढे डिग्री मिळाली तेव्हाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी टांग्यात बसवताना अण्णा कानाशी वाकले. "आवाज म्याबी ऐकला गं. अक्काच हुती."

मी मान हलवली.

"पन ती तर मरंस्तवर बावन्नच म्हनत हुती. मग एक्कावन्न तिला कुनी शिकवलं?"

ते प्रूफ मला आजतागायत सापडलेलं नाही.